जॅक उचलतो, पेलत नाही

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय. कडू लागलं तरी वाचा.

गाडी जॅकवर, बाजूला आधाराला दोन विटा आणि माणूस छातीपर्यंत खाली. हटकलं की ठरलेलं उत्तर, "आजवर काय झालंय का?" अहो, ज्याला झालं तो सांगायला येत नाही!

हायड्रॉलिक जॅक आतल्या ऑइलच्या दाबावर उभा असतो. सील गेलं की खाली बसतो, आधी सांगत नाही. लहान कारसुद्धा 800-900 किलोची असते. वीट भिंतीत वजन पेलते, पण एका टोकावर भार आला की फुटते. जॅक फक्त उचलायला. पेलायला लोखंडी स्टँडची जोडीच पाहिजे.

दुसरी पळवाट, "स्टँडनं पत्रा चेपतो." चेपतो, खरंय. जीपला खाली वेगळी चेसी असते, तिच्यावर टेकवता येतं. कारला तशी नसते. दाराखाली पत्र्याची उभी शिवण असते, ती लोखंडावर आली की वाकते, रंग उडतो, गंज धरतो. इलाज सोपा आहे. स्टँडच्या डोक्यात घट्ट बसेल असा कडक रबराचा ठोकळा घ्या, मधोमध शिवण मावेल एवढी खाच पाडा. शिवण खाचेत, भार रबरावर. टेकवायची जागा गाडीच्या पुस्तकात दाखवलेली असते, तीच धरा.

बदल एवढाच करायचा. उंची कमी पडते म्हणून पाइप वेल्डिंग करणं, पिन हरवली म्हणून सळीचा तुकडा घालणं, वर फळ्यांची चळत रचणं, याला जुगाड म्हणू नका. हा गळफास आहे.

मऊ मातीत गाडी उचलू नका, स्टँडचे पाय रुततात. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्याच चाकांना असतो. मागची बाजू उचलली की तो बिनकामाचा. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. खाली शिरायच्या आधी गाडी हलवून बघा.

ट्रॅक्टरवर साऊंड बॉक्स बसवायला पैसे निघतात, मग स्टँडलाच का हात आखडतो? आणि गॅरेजवाले दादा, ऑइल काढायला ज्या पोराला खाली सरकवता, ते कुणाचं तरी लेकरू आहे. स्टँड नसेल तर गाडी परत पाठवा. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.