ऑक्टोपसची ओळख गोगलगायीपासून

बालवाडीच्या भिंतीवर ‘ओ फॉर ऑक्टोपस’चा तक्ता असतो. त्यातला ऑक्टोपस गुलाबी, हसरा आणि साफ खोटा. मोबाइलवर तोच जहाज गिळणारा राक्षस होतो. भ्रष्टाचाराला ऑक्टोपस म्हणायची सवय तर वर्तमानपत्रांचीच. कोकणातल्या मुलाला निदान त्याचा नातलग माकूल बाजारात दिसतो. नांदेडच्या मुलाला समुद्र बघायचा तर रेल्वेत रात्र काढावी लागते. मग हा प्राणी खरा आहे, हे त्याला पटावे कसे?

त्याची वाट सोयाबीनच्या शेतातून जाते. 2022 च्या पावसाळ्यात शंखी गोगलगायींनी लातूर, बीड, उस्मानाबाद जिल्ह्यांत सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली. कित्येकांवर दुबार पेरणीची वेळ आली. ती गोगलगाय इथल्या मुलांनी पाहिलेली आहे, आणि ऑक्टोपस तिचाच दूरचा भाऊबंद आहे. दोघेही मृदुकाय. गोगलगाय ज्या दातेरी जिभेने रोप कातरते, तशी जीभ ऑक्टोपसलाही असते. आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याचे काम लोह करते, या दोघांच्या रक्तात ते तांबे करते. ऑक्टोपसचे रक्त निळे दिसते ते त्यामुळेच.

फरक आहे तो शंखाचा. गोगलगायीने शंख जपला, ऑक्टोपसच्या पूर्वजांचा तो कोट्यवधी वर्षांच्या ओघात गेला. आता मऊ मांसाचा हा गोळा माशांच्या तोंडून वाचणार कसा? हा प्रश्न मुलांपुढे ठेवावा आणि थोडे थांबावे. पुढचे सगळे त्यातूनच निघते. तो पापणी लवायच्या आत रंग बदलतो, खडकाच्या फटीत घर करतो, शत्रू आला की शाई सोडून पसार होतो. त्याच्या सुमारे 50 कोटी चेतापेशींपैकी जवळजवळ दोन तृतीयांश आठ बाहूंमध्ये असतात, म्हणून प्रत्येक बाहू काही प्रमाणात स्वतःच चाचपतो, चाखतो. इंडोनेशियाच्या समुद्रात तर काही ऑक्टोपस नारळाच्या करवंट्या बरोबर घेऊन फिरतात आणि धोका दिसला की आत शिरतात, अशी नोंद 2009 मध्ये प्रसिद्ध झाली. गेलेला शंख उसना मिळवला म्हणायचा!

हे दाखवायला व्हिडिओ लागत नाही. ओढणीच्या मधोमध चिंचोका बांधून ती बांगडीतून ओढावी, सगळी ओढणी पार होते. चिंचोक्याऐवजी बटाटा बांधला की अडते. ऑक्टोपसच्या अंगात हाड नाही, कडक असते ती पोपटासारखी चोच. जिथून चोच जाईल, तिथून तो जातो.

एक गोष्ट मात्र मोठी माणसे हमखास गाळतात. बहुतेक ऑक्टोपसांचे आयुष्य वर्षा-दोन वर्षांचे. मादी अंडी घातल्यावर त्यांची राखण करते, त्यांच्यावर पाण्याचा झोत सोडत राहते. या काळात ती जवळपास काही खात नाही, आणि पिल्ले बाहेर पडली की मरते. लहान मुलांना हे सोसणार नाही, ही मोठ्यांची समजूत. गोठ्यातले वासरू गेलेले पाहिलेल्या मुलांना ते सोसते. ती उलट पिल्लांचे पुढे काय झाले ते विचारतात, आणि उत्तरही तयार आहे: पिल्ले पहिल्या दिवसापासून एकटीच जगतात.

एक काळजी घ्यायलाच हवी. गोगलगाय दाखवावी ती लांबून. तिच्या अंगात मेंदूच्या आवरणाला सूज आणणारे कृमी असू शकतात, म्हणून उघड्या हाताने ती उचलू नये. चुकून हात लागलाच तर साबणाने धुवावा. शेतातही ती हातमोजे घालूनच वेचतात आणि मिठाच्या पाण्यात टाकतात. इथे एखादे मूल विचारेलच, ऑक्टोपसची नातलग आहे तर तिला मारायचे कशाला? त्याला सोयाबीनची कुरतडलेली ओळ दाखवावी आणि रोपे वाचवायला मारतात, असे सरळ सांगावे.