सव्वीस तास चुकीच्या रकान्यात गेले, चूक कोणाची?

मित्रांनो, आज विषय जरा वेगळा आहे. पगार, व्हिसा, कॅम्पमधलं पाणी यावर आपण नेहमी बोलतो. आज मी कॉम्प्युटरच्या फॉर्मबद्दल बोलणार आहे. "आम्हाला काय त्याचं?" असं म्हणून सोडू नका. तुमचा ओव्हरटाइम त्याच फॉर्ममधून जातो.

मी दुबईत सुपरवायझर आहे. सिव्हिलचा डिप्लोमा करून आलो, आता बरीच वर्षं झाली. आमच्या साइटवर हजेरी आधी कागदी मस्टरवर लिहितात. मग टाइमकीपर ती पोर्टा केबिनमधल्या कॉम्प्युटरवर चढवतो. एका कामगाराच्या ओळीत बरेच रकाने असतात: नेहमीचे तास, ओव्हरटाइम, गैरहजर तास, रजा. सगळे रकाने सारखेच, पांढऱ्यावर करड्या रेघा.

एका महिन्यात आमचे सेंट्रिंगचे एक मिस्त्री माझ्याकडे आले. वयानं मोठे, सगळे त्यांना मामा म्हणतात. म्हणाले, "साहेब, मी एक दिवस पण खोलीवर बसलो नाही. मग कापले कशाचे?"

मी मस्टर काढलं. तेरा दिवस रोज दोन तास ज्यादा, म्हणजे 26 तास ओव्हरटाइम. कॉम्प्युटरमध्ये मात्र ओव्हरटाइम शून्य आणि गैरहजर तास 26! आकडा बरोबर होता, पण शेजारच्या रकान्यात पडला होता.

हिशोब बघा. मामांचा बेसिक 900 दिरहम. तीस दिवस आणि आठ तासांनी भागलं की तासाला 3.75. इथल्या कायद्यानं, म्हणजे 2021 च्या 33 नंबरच्या फेडरल कायद्यानं, ओव्हरटाइमला बेसिकवर किमान 25 टक्के जास्त द्यावे लागतात. म्हणजे तासाला साधारण 4.69. सव्वीस तासांचे झाले जवळपास 122 दिरहम. ते तर मिळालेच नाहीत, वर गैरहजेरीचे साडेसत्त्याण्णव कापले. एकूण फटका 219 दिरहमचा. मामांच्या बेसिकचा हा जवळजवळ चौथा हिस्सा.

ऑफिसनं लगेच टाइमकीपरला वॉर्निंग लेटर द्यायचं ठरवलं. तो पोरगा पण आपल्यासारखाच परदेशातून पोटासाठी आलेला. खरं सांगतो, मी पण आधी त्याच्यावरच ओरडलो. वास्तविक त्या शीटवर खाली माझी सही होती.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या शेजारी बसून बघितलं. त्याची नजर कागदावर, बोटं नंबरच्या बटणांवर. आकडा टाकायचा, टॅब दाबायचा, पुढचा आकडा. मधेच एक मेसेज उघडला, त्यानं तो बंद केला. आता कर्सर कुठल्या रकान्यात आहे? केसासारखी बारीक उभी रेघ लुकलुकत होती. खिडकीतून ऊन स्क्रीनवर येत होतं. मला शेजारी बसून दिसेना, त्याला कसं दिसावं?

याला कॉम्प्युटरवाले फोकस म्हणतात. फोकस म्हणजे आत्ता बटण दाबलं तर आकडा जिथं पडेल ती जागा. ती स्पष्ट दिसली नाही, तर माणूस अंधारात वीट लावतोय असं समजा.

दुसरा प्रकार त्याहून वाईट. यादीतून कामगाराचा ट्रेड निवडला आणि फॉर्म खाली न्यायला माउसचं चाक फिरवलं. पण फोकस अजून त्या यादीतच. फॉर्म हलत नाही, यादीतलं नाव बदलतं. मिस्त्रीचा हेल्पर होतो आणि कोणाला पत्ता लागत नाही.

काही जण म्हणतील, टाइमकीपरनं लक्ष द्यायला नको का? द्यायलाच पाहिजे. पण स्लॅबला लिफ्टचं भोक उघडं राहिलं आणि माणूस पडला, तर "बघून चालायचं होतं" असं आपण म्हणतो का? आपण तिथं बॅरिकेड लावतो, रात्री दिवा लावतो. कारण थकलेला माणूस कधीतरी चुकणार हे आपण धरूनच चालतो. मग महिनाअखेरीला शेकडो ओळी भरणाऱ्या माणसाला तोच नियम का नाही?

उपाय महाग नाही. ज्या रकान्यात फोकस आहे त्याला फिकट पिवळा रंग आणि जाड गडद चौकट द्यायची. नुसता रंग पुरत नाही, काहींना रंग नीट ओळखू येत नाहीत. टॅबचा क्रम कागदी मस्टरसारखाच ठेवायचा. मेसेज बंद झाला की फोकस त्याच रकान्यात परत आला पाहिजे. चालू कामगाराचं नाव वर मोठ्या अक्षरात दिसलं पाहिजे. प्रोग्रामरला रकान्यात शिरताना रंग बदलायचा आणि बाहेर पडताना परत करायचा, एवढंच करायचं असतं. वेबसाइटसाठी तर फोकस दिसलाच पाहिजे असा निकष 2008 पासून जागतिक मार्गदर्शक तत्त्वांत आहे. साइटवरच्या सॉफ्टवेअरला तो का लावू नये?

कंपनी ऐकेपर्यंत टाइमकीपर भावांनी एक करावं. विंडोजच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत टेक्स्ट कर्सर म्हणून भाग आहे. तिथं कर्सर जाड करता येतो आणि त्याला रंगीत खूण लावता येते. आम्ही लावली, लगेच फरक पडला.

कामगार भावांनो, तुम्ही आपले तास रोज वहीत लिहा. इथं 2009 पासून डब्ल्यूपीएस आहे, त्यामुळे पगार बँकेतून येतो आणि त्याची नोंद राहते. पण तुमचे तास कुठल्या रकान्यात पडले हे बँकेला कळत नाही. म्हणून स्लिपवर नुसती रक्कम नको, तास पण मागा. आणि पगार चढायच्या आधी तासांची यादी नोटीस बोर्डवर लावा, असं सुपरवायझरला सांगा.

सुपरवायझर लोकांना माझं एवढंच म्हणणं आहे: सही करायच्या आधी मस्टर आणि स्क्रीन शेजारी ठेवून बघा. मी तेव्हा बघितलं नव्हतं. मामांचे पैसे पुढच्या पगारात मिळाले, वॉर्निंग लेटर पण मागे घ्यायला लावलं. पण त्या महिन्यात मामांनी घरी कमी पैसे पाठवले, ते माझ्या सहीमुळे. आता मी यादी वाचल्याशिवाय पेन उचलत नाही.