छर्‍याची बंदूक हे खेळणे नव्हे



ज्वारी हुरड्यावर आली की पाखरांचे थवे वावरात उतरतात. त्याच सुमारास चांदूर बाजार तालुक्यात बहिरमची यात्रा भरते. जत्रेत फुगे फोडून आलेले पोर घरी हट्ट धरते, ‘बाबा, पाखरं हाकलाले आपल्यालेबी एक बंदूक घ्या!’ राखणीला बरी पडेल म्हणून बापही मान डोलावतो. घ्यायची की नाही हे तुम्ही ठरवा. पण आधी ती नीट समजून घ्या.

या बंदुकीत दारू नसते. दाबलेली हवा शिशाचा छर्रा ढकलते. पण तो सेकंदाला शंभर मीटरहून अधिक वेगाने सुटतो, कातडीत शिरतो, दगडावर आपटून उलटही फिरतो. प्लास्टिकचे गोल छर्रे उडवणार्‍या बंदुकीनेसुद्धा डोळा जाऊ शकतो. गेलेली नजर परत येत नाही.

2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे साडेचार मिलिमीटरपर्यंत नळीची आणि 20 ज्यूलपर्यंत जोराची हवेची बंदूक परवान्याविना ठेवता येते. म्हणजे शिकारीची मोकळीक मिळाली असे नव्हे. मोर, ससा, रोही यांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, आणि कायद्याच्या लेखी जखमी करणे हीही शिकारच. रानडुक्कर तर छर्‍याने मरत नाही. चवताळून अंगावर मात्र येते.

घरात बंदूक असेलच, तर एवढे पाळा :

1. बंदूक रिकामी असली तरी भरलेलीच समजा. माणसाकडे वा बैलाकडे नळी गमतीनेही रोखू नका.

2. नेम धरेपर्यंत चापावर बोट नको.

3. नेमाच्या पलीकडे काय आहे ते आधी पाहा. उभ्या पिकात वाकलेली बाई दिसत नाही.

4. चालवणार्‍याने आणि जवळ उभे राहणार्‍याने डोळ्यांना जाड संरक्षक चष्मा लावावा.

5. काम झाले की छर्रा काढा. बंदूक कुलपात, छर्रे दुसर्‍या डब्यात आणि किल्ली मोठ्या माणसाजवळ ठेवा. मुलांनी मोठ्यांच्या देखत चालवावी, एरवी नाही.

6. छर्रे तोंडात धरू नका. शिसे विषारी असते. हात धुऊनच भाकरीला बसा.

इतके करूनही डोळ्याला लागलेच, तर चोळू नका, दाबू नका, पाणी मारू नका, रुतलेले काही ओढू नका. तूप, मध, दूध काहीही घालू नका. कागदी पेला डोळ्याभोवतीच्या हाडावर टेकेल असा अलगद बांधा आणि तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. ‘सकाळी पाहू’ म्हणू नका.

मुलाला नेमबाजीची खरीच आवड असेल तर ती मारू नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 2024 साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. पण नेमबाजीच्या मैदानावर हुकूम झाल्याशिवाय कोणी बंदूक भरतसुद्धा नाही. शिस्त आधी, नेम मागून.

आणि पाखरांचे म्हणाल, तर माळ्यावरची हाळी, टिनाचा डबा आणि बुजगावणे यांनी आपल्या आजोबांनी ज्वारी राखलीच होती. चार कणसे पाखरांनी खाल्ली तर पुढच्या साली पुन्हा पिकतील. लेकराचा डोळा पुन्हा पिकत नाही.