क्षेत्र 1.25, पण कशात?

सातारा-सांगलीच्या पट्ट्यात जमीन दोन भाषांत मोजली जाते. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. बांधावर बोलणे मात्र एकर-गुंठ्यांचे. आता समजा, एखाद्या विद्यार्थ्याने शेतकऱ्यांच्या नोंदींचा प्रोग्रॅम लिहिला आणि व्हेरिएबलला नाव दिले नुसते 'क्षेत्र'. त्यात आकडा 1.25.

सातबाऱ्याच्या हिशेबाने हे 1 हेक्टर 25 आर, म्हणजे साधारण एकशे साडेतेवीस गुंठे. दशांशातले एकर धरले तर 50 गुंठे. गावाकडच्या लिहिण्याप्रमाणे 1 एकर 25 गुंठे असेल, तर 65. संगणक तिन्ही वेळा मुकाट्याने पुढे जातो.

उसाचेही तेच. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्राने 10.25 टक्के साखर उताऱ्याला एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) ठरवली ती क्विंटलला 355 रुपये. शेतकरी भाव विचारतो टनाला. 'दर' मध्ये 355 आणि 'वजन' टनांत असेल, तर 10 टन उसाचे 35,500 ऐवजी 3,550 रुपयेच होतात. तीच नावे 'दर_प्रति_क्विंटल' आणि 'वजन_टन' अशी असती, तर गुणाकाराची ओळ वाचतानाच खटकली असती.

नावांचा हा परिणाम मोजलाही गेला आहे. हॉफमाइस्टर, सीगमुंड आणि होल्ट या संशोधकांनी 2017 मध्ये 72 व्यावसायिक सी-शार्प प्रोग्रॅमरना चुका शोधायला लावल्या. नावे पूर्ण शब्दांत होती तेव्हा काम सरासरी 19 टक्के जास्त वेगाने झाले. एकाक्षरी नावे आणि संक्षेप यांच्यात मात्र वेगाचा लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे 'क्ष' ऐवजी 'क्षेत्' लिहून भागत नाही.

नावे लांबलचक हवीत असे नाही. तीन ओळींच्या लूपमध्ये 'आय' पुरतो. पण जो आकडा दहा फाइलींतून फिरतो आणि कुणाच्या तरी बिलावर उतरतो, त्याचे एकक नावातच हवे.

सांगलीचे वालचंद असो की कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, परीक्षकांनी यासाठी गुण ठेवावेत. तोंडी परीक्षेत एकाचा प्रोग्रॅम दुसऱ्याच्या हाती द्यावा आणि विचारावे, "हा आकडा कशात आहे?" उत्तर नाव वाचून मिळाले, तर गुण लिहिणाऱ्याला. त्यासाठी ना नवा अभ्यासक्रम लागतो, ना खर्च. येत्या सत्रातच सुरुवात करता येईल.