जाडी आधी, किंमत नंतर



जुन्या प्लेस्टेशन ४मध्ये ‘सर्वांत महाग एसएसडीच टाका’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा सल्ला मला अजिबात पटला नाही. २०१३च्या मूळ मॉडेलचा साटा जोड सेकंदाला ३ गिगाबिटांचाच. साध्या साटा एसएसडीचाही पूर्ण वेग त्यातून मिळत नाही. खरी अडचण जाडीची. आत २.५ इंची, फार तर ९.५ मिलिमीटर जाडीचा ड्राइव्ह बसतो. २ टीबीपेक्षा मोठ्या २.५ इंची हार्ड डिस्क बहुधा १५ मिलिमीटरच्या, म्हणजे पैसे पाण्यात. आणि सेव्ह केलेले खेळ आधी यूएसबीवर उतरवून घ्या, हे त्या पत्रात कुठेच नाही! मुलांची महिनोन्महिन्यांची मेहनत त्यात असते. शिवाय नव्या ड्राइव्हसाठी सिस्टीम सॉफ्टवेअरची सुमारे १ जीबीची पूर्ण फाइल लागते. नुसती अपडेटची चालत नाही.

– एक वाचक, नाशिक