घाटातला मागचा रेटा

वसई रोडहून भिवंडी रोड, कल्याणमार्गे पुण्याला निघालेली गाडी कर्जतला थांबते. प्रवासी वडापावसाठी उतरतात आणि तेवढ्यात शेवटच्या डब्याकडून हलका धक्का येतो. बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिने, जोडली गेली. आजच्या काळातही गाडी ढकलावी लागते, नव्या इंजिनांत दम नाही काय, हा प्रश्न डब्यात हमखास निघतो. दम आहे. अडचण आहे ती पकडीची.

बोरघाटातून १८६३ मध्ये आणि थळघाटातून, म्हणजे आपल्या कसारा घाटातून, १८६५ मध्ये रेल्वे वर गेली. दोन्हीकडे सर्वांत तीव्र चढ १ ला ३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. मोटारचालकाला तो जाणवणारही नाही. रबरी टायर डांबराला धरून ठेवतो; लोखंडी चाक मात्र रुळाला जेमतेम एखाद्या नाण्याएवढ्या जागेत टेकते. म्हणूनच सपाटीवर रेल्वे इतक्या स्वस्तात माल वाहते आणि म्हणूनच चढावर तिची दमछाक होते.

थोडा हिशेब करू. प्रवाशांनी भरलेली चोवीस डब्यांची गाडी साधारण १३०० टनांची धरा. या चढावर तिला मागे खेचणारा जोर भरतो सुमारे ३५ टन. इंजिनाचे वजन १२० टनांच्या आसपास, आणि कोरड्या रुळावर चाक न घसरता लावता येणारा जोर त्या वजनाच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे ३० ते ४० टन. त्यातले तीनेक टन इंजिन स्वतःलाच वर नेण्यात खर्ची पडतात. पावसात रूळ ओले झाले की पकड आणखी घटते. चाकापुढे वाळू सोडूनही मर्यादा राहतेच. अशा वेळी अश्वशक्ती वाढवली तर चाक जागच्या जागी फिरेल, एवढेच. हवी असतात वजन पेलणारी आणि फिरणारी आणखी चाके. बँकर नेमकी तीच देतो.

मग तो पुढेच का जोडत नाहीत? सगळा भार ओढायचा तर सर्वाधिक ताण पहिल्या जोडणीवर येतो. मागून रेटा मिळाला की तो ताण हलका होतो, आणि एखादी जोडणी तुटलीच तर सुटलेले डबे घाटातून खाली धावत सुटण्याआधी त्यांच्यामागे इंजिन उभे असते. सुटलेल्या गाडीसाठी घाटात चढाकडे वळवलेल्या कॅच सायडिंगही आहेत. कर्जतच्या थांब्याला वेळेचा अपव्यय म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

तरीही ही व्यवस्था महागडी आहे. जोडायला वेळ जातो, आणि वर पोहोचलेली इंजिने रिकामीच खाली येताना घाटातली जागा अडवतात. घाटाच्या पायथ्याशी मालगाड्या तुंबल्या की त्यांची रांग मागे सरकते. गुजरातकडून येणारा माल ज्या वसई-दिवा मार्गाने जातो, त्याच मार्गावर मेमूच्या फेऱ्या वाढवा अशी वसईकरांची जुनी मागणी आहे. तेव्हा कर्जतचा प्रश्न कर्जतपुरता नाही.

काही गाड्यांनी यातून वाट काढली आहे. जानेवारी २०१९ मध्ये मुंबईहून नाशिकमार्गे दिल्लीला सुरू झालेल्या राजधानीला पुढे-मागे इंजिने देऊन बँकरचा थांबा टाळण्यात आला. फेब्रुवारी २०२३ पासून सोलापूर आणि शिर्डीच्या वंदे भारत गाड्या बँकरविना घाट चढतात, कारण त्यांच्या निम्म्या डब्यांखाली मोटारी आहेत. तत्त्व आपल्या विरार लोकलचेच! तिलाही वेगळे इंजिन नसते, जोर गाडीभर वाटलेला असतो. मालगाडीच्या वाघिणींना मात्र मोटारी बसवणार कोण? तिथे बँकर राहणारच.

खरा उपाय चढ कमी करण्याचा. वसई रोडवरून कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांनी तो अनुभवला आहे. १९९८ मध्ये पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेने ९१ बोगदे खोदले, त्यात रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदाही आला. पण चढ १ ला १५० च्या पलीकडे जाऊ दिला नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर जायचे तर हे सोपे नाही, हेही मान्य. कर्जत ते लोणावळा २८ किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटरहून अधिक चढायचे आहे. चढ १ ला १०० ठेवायचा तर त्यासाठी ५५ किलोमीटर लांबी लागेल, तीही बरीचशी डोंगराच्या पोटातून. खर्च प्रचंड होईल. पण घाटात नव्या मार्गिका आखताना जुन्या चढालाच समांतर रूळ टाकले, तर पुढची कित्येक दशके प्रत्येक जड मालगाडीमागे बँकर लावण्याचा खर्चही त्याच आराखड्यात मांडायला हवा. आपल्या खासदारांनी नव्या मार्गाची लांबी आणि उद्घाटनाची तारीख विचारण्याआधी त्याचा चढ किती, हे विचारावे.