शब्दांची कुळकथा : खिडकी

संगणकाने आपल्या घरातला एक साधा शब्द उचलला आणि पडद्यावर नेऊन बसवला. तो शब्द म्हणजे खिडकी, इंग्रजीत विंडो. एकाच पडद्यावर अनेक चौकटी मांडण्याची किमया १९७० नंतरच्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत रूपास आली. पुढे १९८५ साली मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज’ बाजारात आणले, आणि हे नाव घरोघर पोचले.

आता कुळाकडे वळू. विंडो हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘विंडौगा’वरून आला. अर्थ, वाऱ्याचा डोळा! मौज अशी की संस्कृतातले वातायन म्हणजे वाऱ्याची वाट आणि गवाक्ष म्हणजे बैलाचा डोळा. जळगावहून अजिंठ्याला जाल तेव्हा १९ व्या लेण्यासमोर क्षणभर थांबा. दारावरचे ते भव्य गवाक्ष आतल्या स्तूपापर्यंत उजेड पोचवते.

आपली खिडकी मात्र निराळ्या घराण्यातली. तिचे मूळ संस्कृत ‘खडक्किका’, म्हणजे बाजूचे किंवा मागचे लहान दार. १९२६ साली धुळ्यास देह ठेवणारे इतिहासाचार्य राजवाडे शब्दांची अशीच कुळे हुडकण्यात रमत. खिडकी मुळात नुसती डोकावण्याची जागा नव्हे; तिच्यातून माणूस आत जात असे.

हे आठवण्यास कारण घडले. यंदा एका महाविद्यालयात सातपुड्याच्या पायथ्याचे एक शेतकरी मुलाला घेऊन आले. गावात रेंज नव्हती म्हणून एक दिवस उशीर झालेला. “प्रवेशनी खिडकी कोठे शे, सर?” त्यांनी मला विचारले. मी दाखवली. आतून उत्तर आले, “विंडो काल रात्रीच बंद झाली.” ते गृहस्थ चक्रावले. समोरची खिडकी तर सताड उघडी होती आणि आत कारकून बसला होता! मुलाला पुढल्या फेरीपर्यंत तिष्ठावे लागले.

पडद्यावरच्या खिडकीने पुष्कळांचे हेलपाटे वाचवले, हे खरेच. पण जुन्या खिडकीपलीकडे माणूस असे; त्याला आपली अडचण सांगता येई. शब्द उसना घेतला, तर त्याच्या अर्थातले ते लहान दारही थोडे उघडे ठेवावे. दिवाळीत खिडकीत आकाशकंदील टांगतो, तो तरी घरातल्यांसाठी थोडाच असतो? उशिरा येणाऱ्यालाही वाट दिसावी, म्हणूनच ना?